उलट्या बाजूपासून सुरुवात : ७२ कापडांच्या नक्षीच्या नोंदी

४ जून

काकूंच्या दोन्ही पेट्या आज रिकाम्या केल्या. पडदे, पलंगपोस, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, सोफ्याच्या कापडाचे उरलेले तुकडे आणि तीन लहान गालिचे. मोजून ७२ नग भरले. काकूंनी ही कापडं वर्षानुवर्षं जमवली, वापरली, धुतली, रफू केली. आता त्यांना प्रत्येकाची नीट नोंद हवी आहे. एका कापडाला एक कार्ड, असं ठरलं. कार्डावर नक्षीचं नाव, ती कापडावर कशी आली, तिचं एक आवर्तन (तीच नक्षी पुन्हा येईपर्यंतचं अंतर) किती सेंटिमीटरचं, रंग कोणते आणि कापड आज कोणत्या अवस्थेत आहे.

"नावं मला ठाऊक आहेत की," काकू म्हणाल्या. "हा ढगांचा पडदा, ही पोपटांची चादर, ते नागमोडी कापड."

मग कार्डावर सगळ्यात वर 'घरातलं नाव' अशी एक ओळ वाढवली. ती नावं खोडायची नाहीत. शास्त्रशुद्ध नाव त्यांच्या खाली येईल.

६ जून

दोन दिवसांत चित्र बघून चार ढीग केले. फुलं २२, रेघा आणि चौकडे १५, प्राणी-माणसं ४ आणि 'इतर' ३१. जवळजवळ निम्मी कापडं 'इतर'मध्ये गेली. ज्या वर्गीकरणात असं होतं ते वर्गीकरण कामाचं नाही.

फुलांचा ढीगही फसवा निघाला. त्यात लाल गुलाबाचे तीन अभ्रे शेजारी शेजारी ठेवले होते. एकावर गुलाब छापलेला, दुसऱ्यात विणलेला, तिसऱ्यावर सुईनं भरलेला. तीन वेगळ्या माणसांचे, तीन वेगळ्या हत्यारांचे आणि कदाचित तीन वेगळ्या काळांचे गुलाब मी एकाच ढिगात टाकले होते.

७ जून

सगळं पुन्हा मांडलं. आज एकाही कापडाची सुलट बाजू आधी बघायची नाही, असा नियम केला. साधनं मोजकीच: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, बोथट सुई आणि खिडकीतून तिरपा येणारा सकाळचा उजेड.

उलट बाजू फार बोलते. छापलेल्या कापडाची पाठ फिकी असते, कारण रंग एका अंगानं आत शिरलेला असतो. रंगीत धाग्यांनी विणलेले पट्टे आणि चौकडे दोन्हीकडून सारखेच दिसतात. जादा धागा घालून विणलेल्या बुट्टीच्या मागे तो धागा मोकळा लोंबतो किंवा कापलेला दिसतो. भरतकामाच्या मागे गाठी असतात, आणि एका पाकळीकडून दुसरीकडे जाताना दोऱ्यानं घेतलेली वाटही असते. भरतकाम करणारी व्यक्ती किती घाईत होती, दोरा किती जपून वापरत होती, हेसुद्धा त्या वाटेवरून कळतं.

पातळ पडद्यांवर मात्र ही खूण चालत नाही. छपाईचा रंग पार पलीकडे उतरतो आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तिथे शिवणीच्या आतल्या बाजूचा एखादा सुटा धागा सुईनं ओढून बघितला. रंगीत धाग्यानं विणलेल्या साध्या चौकड्यात, म्हणजे गिंगहॅममध्ये, एक धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाचा असतो. छापील चौकड्यात तोच धागा दर चौकोनाला रंग बदलतो, आणि जिथे तो दुसऱ्या धाग्याखालून जातो तिथे बहुधा पांढरा राहिलेला असतो. छापील चौकड्याची रेघ बारकाईनं पाहिली तर ती धाग्याची दिशा सोडून किंचित तिरकी जातानाही सापडते. विणलेल्या चौकड्याची रेघ म्हणजेच धागा, त्यामुळे ती अशी भरकटूच शकत नाही.

नवे ढीग असे झाले: छापील ३४, विणीतून आलेली नक्षी २३, भरतकाम ९, आधी धागा रंगवून विणलेली २, तुकडे जोडून केलेली गोधडी १, गालिचे ३. बेरीज ७२. 'इतर' शून्य.

९ जून

आजचा दिवस पांढऱ्या टेबलक्लॉथचा. समोरून पाहिलं तर कोरं कापड. खिडकीजवळ तिरपं धरलं आणि मोठमोठी पानं, मधोमध डाळिंबासारखी फळं, सगळं एकदम उमटलं. हा डमास्क. नाव दमास्कस शहरावरून आलं आहे. यात दुसरा रंग नाही आणि जादा धागाही नाही. जमिनीच्या, म्हणजे नक्षीमागच्या, भागात उभे धागे लांब अंतरं वर राहतात, नक्षीच्या भागात आडवे. लांब सुटलेला धागा आपल्या दिशेप्रमाणे उजेड परतवतो, म्हणून एक भाग चमकतो आणि दुसरा मंद राहतो. कापड उलटलं की चमक आणि मंदपणा यांची अदलाबदल होते. केवळ धाग्याची दिशा बदलून एवढं मोठं चित्र उभं करायचं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली असेल त्याच्याबद्दल मनात खरोखर आदर दाटून आला.

त्याच्या शेजारी सोनेरी बुट्टीचा अभ्रा होता. तो ब्रोकेड. त्यात मूळ ताणा-बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, सोडून नक्षीसाठी वेगळा बाणा घातलेला आहे, आणि तो पाठीवर कापलेला दिसतो. चित्र बघाल तर डाळिंब दोन्हीकडे आहे. विणीत बघाल तर या दोन कापडांचं काहीच नातं नाही.

एक दुरुस्ती करावी लागली. काल मी सहा कार्डांवर नक्षीचं नाव म्हणून 'जॅकार्ड' लिहिलं होतं. जॅकार्ड ही मागावर बसवायची यंत्रणा आहे. ल्योनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ साली तिचं एकस्व, म्हणजे पेटंट, घेतलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते. जिथे भोक असेल तिथला आकडा धागा उचलतो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. या यंत्रणेवर डमास्कही निघतो, ब्रोकेडही निघतं आणि कोयरीही. म्हणून ते सहाही शब्द 'कशी झाली' या रकान्यात हलवले. नक्षीच्या नावाचा रकाना पुन्हा मोकळा.

११ जून

आवर्तनं मोजली. चटकन दिसेल अशी एक खूण पकडायची, एखाद्या पानाचं वळलेलं टोक किंवा पक्ष्याची चोच, आणि तीच खूण पुन्हा कुठे येते तिथवर मोजायचं. एकदा उभं आणि एकदा आडवं. हे करताना डोळा फार फसतो. दोन फुलं सारखी वाटतात, पण एकाची देठ डावीकडे झुकलेली असते.

शेजारच्या रांगेत खूण त्याच उंचीवर आली तर आवर्तन सरळ. निम्म्या अंतरानं खाली सरकली तर हाफ ड्रॉप. हाफ ड्रॉपमुळे डोळ्याला आडवे पट्टे दिसत नाहीत, नक्षी अंगभर पसरल्यासारखी वाटते. काकूंचं 'नागमोडी कापड' असंच आहे. दोन वक्ररेषा एकमेकींकडे येतात, टोकाशी भेटतात, पुन्हा लांब जातात, आणि मधल्या कांद्याच्या आकाराच्या जागेत एक फूल. या घडणीला ओजी म्हणतात. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या ऑटोमन आणि इटालियन मखमलींवर ती भरपूर सापडते. कार्डावर लिहिलं: 'नागमोडी. ओजी जाळी, हाफ ड्रॉप, विणलेली.'

आठ छापील पडद्यांपैकी पाचांचं उभं आवर्तन बरोबर ६४ किंवा ३२ सेंटिमीटर भरलं. त्यामागे कारण आहे. गोल जाळीच्या नळकांड्यानं छपाई करतात तेव्हा नळकांड्याचा परीघ सर्रास ६४ सेंटिमीटरचा असतो, आणि नक्षी एका फेऱ्यात पूर्णांकानंच बसावी लागते. ही यंत्रं १९६० च्या दशकात आली. म्हणजे या पाच पडद्यांना 'जुनी हातछपाई' म्हणण्याआधी शंभरदा विचार करायला हवा. नुसत्या ६४ आकड्यावरून निकाल देता येणार नाही, पण तो आकडा दिसला की मी आता सावध होते.

रात्री आवर्तनाची आकृती काढत बसले होते. सपाट पृष्ठभागावर नक्षी दोन दिशांना पुन्हा पुन्हा येण्याचे, फिरणं आणि आरशातलं प्रतिबिंब धरून, फक्त १७ प्रकार संभवतात. स्फटिकशास्त्रज्ञ फेदोरोव यांनी हे १८९१ मध्ये सिद्ध केलं, गणितज्ञ पॉल्या यांनी १९२४ मध्ये पुन्हा. एकाच दिशेनं धावणाऱ्या काठांचे प्रकार अवघे ७. जगभरच्या विणकरांनी आणि ठसे कोरणाऱ्यांनी हातानं आवर्तनाची जी जी नक्षी केली ती सगळी याच १७ आणि ७ मध्ये बसते.

१४ जून

कोयरी. पाच कापडांवर आहे, म्हणून दिवस तिलाच दिला.

आपल्याला ती कच्च्या आंब्यासारखी दिसते, म्हणून कोयरी. फारसीत तिला बुतेह म्हणतात, म्हणजे झुडूप. इंग्रजीत पेझ्ली, हे स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव. तिथल्या मागांवर एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली निघाल्या आणि नक्षीला गावाचंच नाव चिकटलं. काश्मीरच्या ज्या विणकरांनी हा आकार शालीच्या पदरावर घडवला, त्यांचा त्या नावात मागमूस राहिला नाही. याचं मला वाईट वाटतं. निदान आमच्या कार्डांवर तरी 'कोयरी' आधी येईल आणि काश्मीरचा उल्लेख सुटणार नाही.

या आकाराला वय आहे, आणि ते वाचता येतं. सतराव्या शतकातल्या शालींवर ते एकटं, फुललेलं रोप आहे, टोक जरासं झुकलेलं, पानं मोकळी. अठराव्या शतकात रोपाचा गुच्छ होतो, फुलं दाटतात. पुढे गुच्छाभोवती ठळक बाह्यरेषा येते आणि रोप त्या रेषेच्या आत कोंडलं जातं. एकोणिसावं शतक मध्यावर येईपर्यंत कोयरी लांबत जाते, तिची शेपटी वळते, एका कोयरीच्या पोटात दुसरी शिरते. अर्थात आजचा छपाई करणारा यातली कोणतीही अवस्था उचलू शकतो. म्हणून आकारावरून नक्षीची परंपरा कळते. कापडाचं वय त्यावरून ठरवायचं नाही.

आमच्या पाचांपैकी तीन छापील, एकावर साखळी टाक्याचं भरतकाम. पाचवी लोकरीची लाल शाल. ती सोफ्यावर टाकायला वापरायचे. काकूंना वाटायचं, ही काश्मिरी कानी शाल असावी. कानी विणीत बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो आणि आपापल्या हद्दीतच मागे-पुढे फिरतो, शेजारच्या रंगाशी अडकवून घेतला जातो. त्यामुळे पाठीवर लांब मोकळे धागे नसतात, रंगांच्या हद्दींवर बारीक उंचवटे लागतात. या शालीच्या पाठीवर कातरीनं छाटलेल्या टोकांची दाट लव होती. म्हणजे बाणे पूर्ण रुंदीभर गेले आणि मागून छाटले. ही जॅकार्ड मागावरची शाल.

काकूंना हे सांगणं जड गेलं. त्यांनी शाल उलटी केली, भिंग मागितलं, बराच वेळ पाहिलं. "लव आहे खरी," म्हणाल्या. मग शाल घडी घालून पुन्हा मांडीवरच ठेवली.

१७ जून

रेघा आणि चौकडे भरभर उरकले.

हेरिंगबोन आणि शेव्रॉन यांत कायम गल्लत होते. दोन्हींत तिरक्या रेघा उलटसुलट जातात. शेव्रॉनमध्ये त्या टोकाला टोक लावून भेटतात आणि अखंड नागमोड होते. हेरिंगबोनमध्ये भेटीच्या जागी रेघ तुटते, एक पायरी सरकते, मासळीच्या काट्यासारखी. बोटानं टोक शोधलं की लगेच कळतं.

हाउंड्सटूथचा एक तुकडा निघाला. चार गडद आणि चार फिके धागे, ताण्यातही आणि बाण्यातही, आणि वीण दोन वर दोन खाली अशी तिरकी. एवढ्यानं तो दातेरी चौकडा आपोआप तयार होतो, कुणी तो दात काढत नाही. छापील हाउंड्सटूथ दोन निघाले. त्यांचे दात आरशासारखे स्वच्छ कापलेले आहेत, विणलेल्याच्या दातांना धाग्यांच्या पायऱ्या आहेत.

१९ जून

'ढगांचा पडदा' आणि एक निळा पलंगपोस, धागा आधी रंगवून विणलेल्यांच्या ढिगात हे दोनच होते. म्हणजे इकत. मलय भाषेत या शब्दाचा अर्थ बांधणं. धाग्यांच्या लडी ठरलेल्या जागी घट्ट बांधतात, रंगात बुडवतात, सोडतात, पुन्हा वेगळ्या जागी बांधतात. नक्षी मागावर चढण्याआधीच धाग्यात तयार असते. विणताना धागे केसभर मागेपुढे होतात आणि आकारांच्या कडा पिसांसारख्या फुटतात. ताणा रंगवला असेल तर ही पिसं उभ्या दिशेनं, बाणा रंगवला असेल तर आडव्या दिशेनं. दोन्ही रंगवून एकमेकांवर अचूक बसवणं फार थोड्या ठिकाणी होतं, उदाहरणार्थ गुजरातमधल्या पाटणचं पटोळं, बालीतल्या तेंगनान गावचं गेरिंगसिंग आणि जपानमधलं काही कासुरी काम.

निळ्या पलंगपोसाची पिसं फक्त आडवी. दोन्ही बाजू सारख्याच गडद. झालरीतला धागा पीळ सोडून पाहिला, रंग गाभ्यापर्यंत. बाण्याचा इकत, शंका नाही.

ढगांच्या पडद्याची पिसं चारी बाजूंना होती. मी आनंदले, दुहेरी इकत सापडला असं वाटलं. मग धागा ओढला. पीळ सोडताच आत पांढरा. भिंगातून पाहिलं तर पिसांची टोकं धाग्याच्या मधोमधच संपत होती. एका धाग्याच्या रुंदीत अर्धा निळा, अर्धा पांढरा. रंगाच्या कुंडात बुडालेला धागा असा लांबीनं चिरल्यासारखा रंगू शकत नाही. हा छापील पडदा. कापड पातळ म्हणून ७ तारखेला पाठ फसवून गेली. छापील आता ३५, इकत १.

काकूंना सांगितलं. "म्हणजे ढग नाहीत?" त्यांनी विचारलं. ढग आहेतच. मध्य आशियात इकतला अब्र या शब्दावरूनच ओळखतात, आणि फारसीत अब्र म्हणजे ढग. काकूंनी नुसत्या डोळ्यांनी तेच नाव दिलं होतं, कुणाकडून न ऐकता. कार्डावर 'ढगांचा' ठळक अक्षरात ठेवलं आणि खाली लिहिलं: 'इकतच्या धर्तीची छपाई.'

२३ जून

पोपटांची चादर पूर्ण उलगडायला जमीन मोकळी करावी लागली. मध्यभागी एक झाड, खाली दगडांची टेकडी, फांद्यांवर एकाच झाडाला दहा जातींची फुलं आणि पोपट. हा जीवनवृक्ष. सतराव्या-अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर असे सुती पलंगपोस हातानं रंगवून जहाजांनी युरोपात जात. इंग्रजीतला 'पॅलमपोर' हा शब्द आपल्या पलंगपोसाचाच भाऊ, आणि 'चिंट्झ' म्हणजे आपली छीट. काम फार कष्टाचं. कापडावर तुरटी लावलेली जागा मुळांच्या रंगात लाल होते, लोखंडाचं पाणी लावलेली काळी. निळीच्या कुंडात बुडवण्याआधी जिथे निळं नको तिथे मेण. असे रंग धुतल्यावर जात नसत, आणि युरोपला हेच करता येत नव्हतं. ही छीट तिकडे इतकी लोकप्रिय झाली की स्थानिक विणकरांच्या दबावामुळे फ्रान्सनं १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनंही १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले.

खऱ्या पॅलमपोरमध्ये आवर्तन नसतं, पूर्ण कापड हे एकच चित्र. आमच्या चादरीचा उजवा अर्धा भाग हा डाव्याचा तंतोतंत आरसा निघाला, पोपटाच्या पिसातला एक सुटलेला ठिपकासुद्धा दोन्हीकडे. म्हणून छापील. पण रचना त्याच परंपरेतली आहे, टेकडीसकट.

एकरंगी लाल चित्रांचा पडदाही आजच झाला. मेंढपाळ, पडकी कमान, नाव, झाड, प्रत्येक देखावा बेटासारखा सुटा, फिक्या जमिनीवर एकाच रंगात. ही ट्वाल द जुई. ओबेरकांफनं व्हर्सायजवळच्या जुई गावात १७६० साली, बंदी उठताच, कारखाना काढला, आणि १७७० पासून तिथे तांब्याच्या पत्र्यांनी छपाई होऊ लागली. तांब्यावर कोरीव कामाची केसासारखी रेघ मिळते, पण अनेक रंग एकमेकांवर नीट बसवणं अवघड. त्यामुळे एकच रंग आणि छायेसाठी बारीक रेघोट्या. आमचा पडदा भिंगाखाली ठेवला तर रेघोट्यांच्या जागी ठिपके दिसतात. म्हणजे नव्या छपाईनं केलेली नक्कल.

२६ जून

एका कार्डावरचा शब्द खोडला आणि त्याबद्दल समाधान आहे.

मोठ्या चक्राकार फुलांचं भरतकाम केलेलं भिंतीवरचं कापड, सुझनी. फारसीत सुझन म्हणजे सुई. कापड चार पट्ट्या जोडून केलेलं आहे, आणि जोडाच्या जागी फुलांचे दोन भाग नीट जुळत नाहीत. एक अर्धं फूल दुसऱ्यापेक्षा बोटभर वर, लाल रंगही किंचित वेगळा. अवस्थेच्या रकान्यात मी 'दोष: जोड चुकलेला' असं लिहिलं होतं.

सुझनी करताना पट्ट्या आधी सैलसर जोडतात, पूर्ण नक्षी आखतात, मग पट्ट्या सुट्या करून वेगवेगळ्या बायका आपापली पट्टी भरतात, आणि शेवटी पुन्हा जोडतात. प्रत्येकीचा टाका वेगळा ताणतो, प्रत्येकीचा दोरा वेगळ्या रंगवणीचा. ते न जुळणं म्हणजे या कापडावर एकीपेक्षा जास्त हात होते, याची सहीच. 'दोष' खोडून 'चार पट्ट्या, किमान दोन हात' असं लिहिलं.

गालिचे: एक किलीम, म्हणजे लव नसलेला सपाट विणीचा. उजेडासमोर धरला तर रंगांच्या उभ्या हद्दींवर बारीक फटी दिसतात, कारण दोन रंगांचे बाणे तिथून परत फिरतात. उभी हद्द लांब ठेवली तर गालिचा चिरत जाईल, म्हणून विणकर आकार पायऱ्यापायऱ्यांनी तिरके नेतो. किलीमच्या नक्षीतले ते जिने असे आले आहेत. दुसरा हाताच्या गाठींचा, पाठीवर नक्षी स्वच्छ, झालर म्हणजे ताण्याचीच टोकं. तिसऱ्याच्या पाठीला कापड चिकटवलेलं, झालर शिवलेली.

३० जून

७१ कार्डं पूर्ण. राहिलेलं एक राखाडी पडद्याचं. त्यावर षटकोन आणि मध्ये काहीतरी पानासारखं. त्याला जवळचं एखादं नाव देण्याचा मोह झाला, दिलं नाही. नुसतं वर्णन लिहिलं: 'षटकोनी जाळी, आत तीन पाती, दर षटकोनाला एक तृतीयांश फिरलेली. विणलेली. सरळ आवर्तन, १२ सेंटिमीटर.' एवढ्यावरून पुढे कुणीही ती ओळखू शकेल. चुकीचं नाव एकदा कार्डावर बसलं की पुढचा माणूस कापड उलटून बघतच नाही.

कार्डं हरवू नयेत म्हणून प्रत्येक कापडाच्या उलट बाजूला, कोपऱ्यात, सुती फितीवर नग क्रमांक लिहून चार सैल टाक्यांनी शिवतो आहोत. डिंक नाही, टाचणी नाही; डिंकाचा डाग पडतो, टाचणी गंजते. आज काकूंनी ४० फिती शिवल्या. लाल शालीची फीत त्यांनी शेवटी घेतली आणि घरातल्या नावाच्या ओळीत, जी आजवर कोरी होती, 'दुपारची शाल' असं स्वतः लिहिलं.

उद्या अभ्रे.